इंडी गेमसाठी एआय-चित्रं: वाड्याच्या एका चौकावरून पूर्ण पद्धत

‘पेशवेकालीन वाडा, संध्याकाळ’ असं लिहून कुठल्याही चित्र-मॉडेलला दिलं की बहुतेक वेळा हवेली येते. वालुकाश्माचा पिवळसर रंग, झरोके, घुमट, कमानीवर कमान. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब नाहीत, कडीपाट नाही, दगडी जोत्यावर उभी विटांची भिंत नाही. मॉडेल ज्या चित्रांवर शिकलं, त्यांत जयपूर-आग्र्याचे फोटो मुबलक आहेत आणि पुण्याच्या कसबा-शनिवार पेठेतले वाडे जवळपास नाहीत, म्हणून असं होतं. प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेलं वर्णन) कितीही लांबवला तरी जे त्याला माहीतच नाही ते उतरणार नाही. म्हणून पुढच्या सगळ्या पद्धतीचा पाया असा आहे: रचना तुमची, शैली तुमची, शेवटचा हात तुमचा. मॉडेलकडून फक्त मधली भरणी करून घ्यायची.

उदाहरणाला दोन-तीन जणांच्या टीमचा २-डी साहस-गेम घेऊ. पडदा १९२० × १०८०, दृश्य वाड्याचा पहिला चौक, गेम-इंजिन गोडो ४.

आधी यादी, मग मॉडेल

स्प्रेडशीटमध्ये गेममधली प्रत्येक चित्रवस्तू लिहा आणि समोर तीनपैकी एक खूण करा: ‘हाताने’, ‘मॉडेल + हात’, ‘फोटोवरून’. मुख्य पात्र, त्याचे चेहरे, हातात घेण्याच्या वस्तू, आयकॉन आणि पाट्या हाताने. खेळणारा याच गोष्टींकडे सतत बघतो, आणि मॉडेलची गफलत इथेच पटकन डोळ्यात भरते. पार्श्वभूमी, आकाश, दूरची छपरं, झाडं, अडगळीचं सामान हे मॉडेल + हात. दगड, शेणाने सारवलेली जमीन, जुनं सागवान, कौलं हे फोटोवरून. ही विभागणी आधी केली नाही, तर जे सहज निघतंय तेच काढत बसायचा मोह होतो. महिन्याने हाती दोनशे देखणी चित्रं असतात आणि एकही दृश्य पूर्ण नसतं.

यंत्र

स्टेबल डिफ्यूजन एक्सएल किंवा एसडीएक्सएल (जुलै २०२३) हे चित्र-मॉडेल अजूनही या कामाला चांगलं आहे, कारण त्याच्याभोवतीची कंट्रोलनेट (चित्राची रचना बांधून देणारी जोड) आणि लोरा (मॉडेलला एखादी शैली शिकवणारी छोटी फाइल) यांची साधनं पक्की झालेली आहेत. मूळ फाइल सुमारे ७ जीबीची आहे. ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डावर कम्फीयूआय या मॉडेल चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते एका कंट्रोलनेटसह सावकाश का होईना चालतं. स्वतःची लोरा शिकवायची असेल तर १२ जीबी हवेत. एवढं मोठं कार्ड नसेल तर रोजची रेखाटनं घरच्या यंत्रावर करा आणि शिकवण्यापुरता तासाच्या भाड्याने जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) घ्या. शिकवणी दोन-तीन तास चालते. मध्येच वीज गेली तर सगळं वाया जातं, म्हणून यूपीएस लावा आणि प्रत्येक फेरीला फाइल जतन होईल अशी सोय ठेवा.

परवाना आधी वाचा. एसडीएक्सएलच्या परवान्यात व्यावसायिक वापर चालतो, काही प्रकारच्या वापरांना बंदी आहे. फ्लक्स-१ या दुसऱ्या चित्र-मॉडेलचं ‘श्नेल’ हे रूप अपाची २.० या मुक्त परवान्याखाली आहे, ‘डेव्ह’ रूपाच्या परवान्यात मात्र व्यावसायिक वापरावर मर्यादा आहेत. नेटवरून उतरवलेल्या प्रत्येक लोराचा परवाना वेगळा असतो. ज्या लोराच्या नावात एखाद्या हयात चित्रकाराचं नाव आहे तिला हात लावू नका. कुणाच्या तरी आयुष्यभराच्या मेहनतीची ती नक्कल असते, आणि आपल्या गेमला ती शोभत नाही.

पावसाळ्यातले फोटो, ब्लेंडरमधले ठोकळे

जून ते सप्टेंबर पुण्यावर जो ढगाळ उजेड असतो, तो पृष्ठभागांच्या फोटोंसाठी सर्वांत चांगला. सावल्या पुसट असतात, त्यामुळे तो फोटो कुठल्याही प्रकाशाच्या दृश्यात बसतो. बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागात सुरूचे कोरीव खांब आहेत. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात खिळे ठोकलेली प्रचंड कवाडं आहेत. बेसाल्टचा खडबडीत काळा दगड हवा असेल तर जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर आहेच. ‘काळा दगड’ म्हटलं की मॉडेल चकचकीत ग्रॅनाइट तरी देतं, नाहीतर युरोपातल्या गल्लीची फरसबंदी. दर वस्तूचे किमान तीन फोटो घ्या: समोरून पूर्ण, तिरक्यातून, आणि हाताच्या अंतरावरून पृष्ठभाग. समोरचा फोटो घेताना फोन भिंतीला समांतर धरा. फोन कलला की विटांच्या ओळी फाकतात आणि त्याची टाइल (शेजारी-शेजारी मांडायचा तुकडा) जुळत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे फोटोत घेऊ नका.

आता रचना. ब्लेंडर या ३-डी सॉफ्टवेअरमध्ये चौक नुसत्या ठोकळ्यांनी उभा करा: जोत्याला चपटा ठोकळा, खांबांना वर निमुळते होणारे दंडगोल, माडीला एक लांब पेटी, मधोमध तुळशी वृंदावनाचा चौकोनी ठोकळा. तासाभराचं काम. कॅमेरा दीड मीटर उंचीवर, ५० मिमी, आणि हीच मापं गेमच्या सगळ्या दृश्यांना. क्षितिजरेषा दृश्यागणिक वर-खाली झाली तर पात्र कुठे तरंगतं, कुठे जमिनीत रुतल्यासारखं दिसतं.

मग ‘मिस्ट पास’ (काय जवळ आणि काय दूर हे काळ्या-पांढऱ्यात दाखवणारं चित्र) रेंडर करा आणि तो उलटा करा. ब्लेंडर जवळचं काळं आणि दूरचं पांढरं देतो, खोली वाचणाऱ्या कंट्रोलनेटला जवळचं पांढरं लागतं. उलटा करायचा राहिला की मागची भिंत पुढे येते, खांब आत जातात, आणि दोष प्रॉम्प्टचा आहे असं समजून माणूस दिवसभर शब्द बदलत बसतो.

शैलीपत्र आणि लोरा

एकाच कागदावर ठरवा: १६ ते २४ रंगांची पट्टी, बाह्यरेषा आहे की नाही आणि किती जाडीची, प्रकाश कुठून येतो (समजा वरून डावीकडून, कायम), सावलीचा रंग कोणता, आणि किती तपशील म्हणजे पुरे. मग त्या शैलीत २० ते ३० चित्रं हाताने काढा किंवा काढून घ्या. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयासारख्या संस्थांतून शिकलेले चित्रकार याच शहरात आहेत. त्यांना काम द्या आणि करारात स्पष्ट लिहा की ही चित्रं मॉडेल शिकवायला वापरली जाणार आहेत, कोणत्या गेमसाठी आणि त्याचा मोबदला किती. तोंडी ‘चालेल’वर थांबू नका. सगळ्या खर्चात हे पैसे सर्वांत नीट लागतात. गेमला स्वतःचा चेहरा इथूनच मिळतो.

लोरा शिकवायची मापं: २४ चित्रं × १० पुनरावृत्ती × ८ फेऱ्या, एका वेळी एक चित्र, म्हणजे १,९२० पायऱ्या. रँक (लोराची क्षमता) १६, शिकण्याचा वेग ०.०००१. चित्रांत खांब, खिडकी, झाड, भांडी, माणूस, आकाश असं वेगवेगळं असू द्या. प्रत्येक चित्राच्या वर्णनात जे दिसतं ते सगळं लिहा, शैलीबद्दल मात्र एक शब्दही नको. जे लिहिलं जात नाही ते मॉडेल खुणेच्या शब्दाशी (प्रत्येक वर्णनात घालायचा, नंतर लोरा जागवणारा शब्द) बांधतं, आणि आपल्याला शैलीच बांधायची असते. खुणेचा शब्द निरर्थक, स्वतः बनवलेला ठेवा.

आठही फेऱ्यांच्या फाइल एकाच सीडवर (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तपासा. बहुधा पाचवी-सहावी सर्वांत बरी निघते. शेवटच्या फेरीत तीच एक खिडकी प्रत्येक चित्रात दिसू लागली, किंवा कागदाचे कण आकाशात उतरले, तर शिकवणी जास्त झाली आहे. वापरताना लोराचं वजन, म्हणजे प्रभाव, ०.७ ते ०.८ ठेवा.

चित्र काढणं

एसडीएक्सएल १०२४ × १०२४ च्या आसपासच्या क्षेत्रफळावर शिकलेलं आहे. आडव्या दृश्याला १३४४ × ७६८ घ्या. थेट १९२० × १०८० मागितलं की चौकात दोन तुळशी वृंदावनं उगवतात किंवा माडीवर आणखी एक माडी चढते. चित्र घडण्याच्या पायऱ्या २५ ते ३०, सीएफजी (प्रॉम्प्ट किती काटेकोर पाळायचा त्याचं माप) ५ ते ७. खोलीच्या कंट्रोलनेटची ताकद ०.६, आणि ती एकूण पायऱ्यांच्या ६५ टक्क्यांवर सोडून द्या. शेवटपर्यंत धरून ठेवली तर ठोकळ्यांच्या धारदार कडा तशाच राहतात आणि लाकूड प्लास्टिकसारखं दिसतं.

प्रॉम्प्टमध्ये ‘वाडा’ लिहून उपयोग नाही, ‘भारतीय महाल’ तर मुळीच नको. वस्तूंचं वर्णन साध्या इंग्रजीत करा: गडद सागवानी खांब, वर निमुळते, खाली दगडी तळखडा, लाकडी तुळयांचं सपाट छत, काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्याचा गिलावा उडालेली विटांची भिंत, उभे गज असलेल्या लहान खिडक्या. नको त्या गोष्टींच्या रकान्यात घुमट, झरोके, संगमरवर, वालुकाश्म.

एका रचनेवर १६ चित्रं काढा, चार निवडा, त्यांतलं एक घ्या. तिथे थांबा. सतराव्यात काहीतरी आणखी सुंदर येईल ही आशा या कामातला सर्वांत मोठा वेळखाऊ प्रकार आहे. एक खांब बिघडला असेल तर तेवढाच भाग इनपेंट करा, म्हणजे मॉडेलकडून पुन्हा काढून घ्या, डीनॉइज (चित्र किती बदलू द्यायचं त्याचं माप) ०.४ ते ०.५. मोठं करताना अपस्केलरनंतर तुकड्या-तुकड्याने ०.२ ते ०.३ डीनॉइजचा हलका हात फिरवा. ०.४ च्या वर गेलात की भिंतीच्या पोपड्यांत चेहरे उमटायला लागतात.

थर आणि हातकाम

खरं काम इथे आहे. एका दृश्याला मॉडेलवर दोन तास गेले तर क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा तास धरा.

चौकाचे पाच थर करा: आकाश, शेजारच्या वाड्यांची कौलं, मागची माडी आणि ओसरी, चालायची जमीन, आणि अगदी पुढे काळोखातला एक खांब किंवा लोंबती वेल. एकाच चित्रातून थर कापले की मागे भोकं पडतात. ती भोकं आधी भरा, मग कापा: खांबाची जागा निवडा, निवड ३० पिक्सेल वाढवा, ‘रिकामी भिंत’ असं सांगून इनपेंट करा, आणि खांब मूळ प्रतीतून वेगळ्या थरावर आणा. खांबाची जमिनीवर पडलेली सावली भिंतीच्या थरात राहून जाते, हे नेहमीच विसरलं जातं. थर सरकले की सावली एकीकडे आणि खांब दुसरीकडे. सावल्या पुसून टाका आणि वेगळ्या थरावर हाताने रंगवा.

जिची पार्श्वभूमी कापून टाकायची असेल ती वस्तू सपाट मध्यम राखाडीवर काढून घ्या. पांढऱ्यावर काढली तर कडेला पांढरी किनार राहते, हिरव्यावर काढली तर हिरवा रंग लाकडावर चढतो. कापल्यावर कड एक-दोन पिक्सेल आत घ्या.

मग तपासणी. चित्र आडवं उलटं करून बघा, तिरकेपणा लगेच कळतो. काळं-पांढरं करून बघा: पात्र जिथे चालणार तो पट्टा मागच्या भिंतीपेक्षा स्पष्ट उजळ किंवा गडद हवा. मॉडेल सगळीकडे सारखाच तपशील भरतं, त्यामुळे उघडता येणारं कपाट आणि नुसतं शोभेचं कपाट सारखंच दिसतं आणि खेळणारा गोंधळतो. मागच्या भागातला तपशील मोठ्या ब्रशने पुसून कमी करा. काय ठेवायचं यापेक्षा काय काढून टाकायचं, यावर दृश्य ठरतं.

प्रत्येक वस्तूला ‘ही चालते कशी?’ असं विचारा. कोयंडा कुठल्या बाजूला, बिजागरी कुठे, पायरीवर पाय मावतो का, समईला वात किती आणि तेल कुठे. मॉडेलच्या दिंडी दरवाजाला बऱ्याचदा दोन्हीकडे बिजागऱ्या असतात आणि मधे कडी नसते. केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दरवाजे यांचे अस्सल नमुने बघायला मिळतात. एक दुपार तिथे वही घेऊन काढली की अशा चुका आपोआप दिसायला लागतात.

पात्रं

नऊवारीचा काष्टा मॉडेलला जमत नाही. समोर सहावारीच्या निऱ्या घालून वर खांद्यावर पदर टाकतं. पुणेरी पगडीचं राजस्थानी साफ्यात रूपांतर करतं. म्हणून पात्र हातानेच: समोरून, बाजूने, पाठीमागून. मॉडेलचा उपयोग फार तर रंगसंगतीचे पाच-सहा पर्याय पाहण्यापुरता, स्वतःच्या रेखाटनावर ०.३५ डीनॉइजने.

चालण्याच्या फ्रेम मॉडेलकडून काढू नका. दर फ्रेमला काठ बदलतो, नथ कधी डावीकडे कधी उजवीकडे जाते. पात्राचे १४ ते १६ तुकडे करा आणि गोडोच्या स्केलेटन-२डीवर बसवा. कोपर-गुडघ्याशी तुकडे १० ते १५ पिक्सेल गोलाकार एकमेकांवर चढू द्या, नाहीतर वाकताना फट दिसते. काष्ट्यासाठी सुटा तुकडा न ठेवता पॉलिगॉन-२डीची जाळी वापरा, म्हणजे कापड वळतं.

टाइल आणि पिक्सेल

फोटोतून टाइल करायला गिंप या फोटो-सॉफ्टवेअरमध्ये थर अर्ध्या रुंदी-उंचीने ऑफसेट करा, म्हणजे सरकवा. जोड मधोमध येतो, तेवढाच पट्टा इनपेंट करा. नंतर ४ × ४ मांडून दुरून बघा. एखादा उठून दिसणारा डाग असेल तर तो सोळा वेळा दिसेल, तो आधीच काढा.

पिक्सेल-आर्ट हवी असेल तर मॉडेलने दिलेलं चित्र तसंच वापरू नका. त्यातले ‘पिक्सेल’ वेगवेगळ्या आकाराचे आणि जाळीतून सरकलेले असतात. १०२४ वरून नियरेस्ट पद्धतीने (रंग न मिसळता) १२८ वर आणा, एसप्राइट या पिक्सेल-आर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये इंडेक्स्ड मोडला स्वतःची रंगपट्टी लावा, आणि बाह्यरेषा हाताने पुन्हा काढा. ६४ पिक्सेलच्या खाली असेल तर सुरुवातीपासून हातानेच काढलेलं लवकर होतं.

पाट्या

मॉडेलला देवनागरी लिहिता येईल या भरवशावर राहू नका. शिरोरेषेखाली अक्षरांसारखे आकार लोंबतात, आणि पुण्यातल्या खेळणाऱ्याची नजर सर्वांत आधी पाटीवरच जाते. प्रॉम्प्टमध्ये ‘कोरी लाकडी पाटी’ मागा, मजकूर इंकस्केप या रेखाचित्र-सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फॉन्टने लिहा, त्याचं चित्र करून क्रितात पाटीच्या तिरकेपणाला ताणा, आणि वर लाकडाचा पृष्ठभाग मल्टिप्लायने (खालच्याला गडद करणारं मिश्रण) चढवा.

फॉन्ट निवडताना ल आणि श बघा. बऱ्याच फॉन्टमध्ये मूळ आकार हिंदी वळणाचे असतात. टिरो देवनागरी मराठीत मराठी वळण आपोआप येतं. नोटो सान्स देवनागरीत ते भाषा मराठी ठरवल्यावर येतं. गोडोच्या लेबलमध्ये भाषेच्या रकान्यात मराठीचं दोन अक्षरी संकेतचिन्ह घाला. संवादांच्या मजकुराला गोडो ४ जोडाक्षरं नीट जुळवतो. युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर-साधनात मात्र ‘किल्ला’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते आणि दोन ल पाय मोडून वेगळे उभे राहतात. इंजिन ठरवण्याआधी हा एक शब्द पडद्यावर आणून बघा.

इंजिनमध्ये

२०४८ × २०४८ चं पारदर्शक चित्र दाबलेलं नसेल तर स्मृतीत १६ एमबी घेतं. ३८४० × १०८० चा एक थरही जवळपास तेवढाच. पाच थर म्हणजे ८० एमबी, एका दृश्याचे. मोबाइलसाठी आकाश आणि दूरची कौलं अर्ध्या आकारात ठेवून इंजिनमध्ये मोठी करा, ती तशीही धूसर असतात. गोडोच्या आयातीत ‘फिक्स अल्फा बॉर्डर’ (पारदर्शक कडेला किनार दिसू न देणारा पर्याय) चालू असू द्या. पिक्सेल-आर्टला टेक्श्चर फिल्टर नियरेस्ट, रंगवलेल्या चित्रांना लिनियर.

हक्क आणि जाहीर सांगणं

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर जानेवारी २०२४ पासून गेम दाखल करताना एआयचा वापर सांगावा लागतो. आधी बनवलेली चित्रं आणि खेळ चालू असताना बनणारी चित्रं असे दोन प्रकार तिथे आहेत. आपल्या पद्धतीत पहिला प्रकार येतो. सांगितलेल्यातला बराच भाग दुकानाच्या पानावर खरेदीदाराला दिसतो. तेव्हा तिथे ‘एआयची मदत घेतली’ एवढंच न लिहिता नेमकं लिहा: पार्श्वभूमी आमच्या चित्रकाराच्या शैलीवर शिकवलेल्या मॉडेलने, पात्रं आणि पाट्या हाताने. इच (itch.io) या इंडी गेमच्या संकेतस्थळावरही नोव्हेंबर २०२४ पासून असं जाहीर करायची सोय आहे आणि तिथे असेट (गेमसाठीचं तयार साहित्य) विकणाऱ्यांना ते बंधनकारक आहे. लपवून ठेवलेलं नंतर उघड झालं की खेळणाऱ्याचा विश्वास जातो, आणि छोट्या टीमकडे दुसरं भांडवल नसतं.

मालकीच्या बाबतीत, भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कलाकृतीचा लेखक म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या आली. अमेरिकेत मात्र तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चित्रकथेतल्या मॉडेलने काढलेल्या चित्रांना संरक्षण नाकारलं, मजकूर आणि मांडणीला दिलं. जानेवारी २०२५ च्या अहवालातही नुसत्या प्रॉम्प्टने लेखकत्व येत नाही हीच भूमिका आहे. गेम जगभर विकायचा असेल तर लोगो, मुख्य पात्र आणि स्टीमची कॅप्सूल-चित्रं, म्हणजे दुकानात गेमची ओळख करून देणारी चित्रं (मुख्य १२३२ × ७०६, शीर्षक ९२० × ४३०) पूर्ण हाताने काढा. कुणी नक्कल केली तर हक्क सांगायला हीच उपयोगी पडतील.

त्यासाठी नोंदवही लागते. सुरुवातीच्या स्प्रेडशीटलाच रकाने जोडा: फाइल, मॉडेल, लोरा, सीड, मूळ फोटो कुणाचा, हाताने काय बदललं, किती तास. कम्फीयूआय पूर्ण जोडणी पीएनजी फाइलच्या आतच साठवतं, पण क्रितातून पुन्हा जतन केल्यावर ती टिकेल याचा भरवसा धरू नका. म्हणून मूळ पीएनजी आणि थरांची क्रिता-फाइल दोन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि गेममध्ये फक्त तिसरी, साफ केलेली प्रत जाऊ द्या.